त्यांची मीटिंग आणि माझी

दारू पिणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठीही वेगळी मीटिंग असते, हे मला पहिल्यांदा कळलं ते एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. माझ्या मिस्टरांना तिथे भरती केलं होतं. घरी त्यांनी स्वतःहूनच दारू एकदम बंद केली होती. आधी हात थरथरायला लागले, मग दरदरून घाम, आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर माणसं दिसायला लागली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. फिट येते, भ्रम होतो, आणि धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांतच. तिथे त्यांना थरथर आटोक्यात ठेवणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय. मीटिंग मीटिंगच्या जागी, पण अंगातली दारू उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या समाजसेविका ताईंनी मला बाजूला बोलावलं आणि एका कागदावर दोन नावं लिहून दिली. पहिलं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेले गट. ते ह्यांच्यासाठी. दुसरं अल-अनॉन. "हे तुमच्यासाठी," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, मी कुठे पिते?" त्या म्हणाल्या, "माहितीये हो. पण झोप तुम्हालाही येत नाही ना?"

त्याआधी आम्ही काय काय केलं होतं ते सांगते, कारण आमच्यासारख्या बऱ्याच घरांत तेच चाललेलं असतं. ह्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. सासूबाईंनी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली होती. माळेचं मी वाईट बोलणार नाही. आमच्या गटात एका मावशींच्या यजमानांनी माळेवरच दारू सोडली आणि ते आजतागायत वारी करतात. ह्यांची मात्र चातुर्मासाच्या पुढे गेली नाही. मग लोकलच्या डब्यात चिकटवलेली ती कागदं असतात ना, 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा', त्यातला एक नंबर माझ्या नणंदेने फिरवला आणि पावडरच्या पुड्या आणल्या. त्या मी भाजीत घातल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. दारू सोडवणारी डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते. ती पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब खाली जातो. माणसाला सांगून, तपासून, डॉक्टरच ती देतात. न सांगता दिली तर जीव जाऊ शकतो. पुडीत नेमकं काय होतं ते देव जाणे.

एएचा नंबर नेटवर सहज मिळाला. फोन उचलणाऱ्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, त्यांना स्वतःला दारू सोडायची आहे का?" मी म्हटलं, इस्पितळातून आल्यापासून तरी तसं म्हणतायत. "मग त्यांना फोन द्या." बस, माझ्याशी एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं जण घरी आले, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आणि एक टेम्पो चालवणारा तरुण. मला वाटलं होतं आता समजावणी होणार, बायकापोरांकडे बघा म्हणणार. तसं काही झालं नाही. काकांनी फक्त स्वतःची हकिकत सांगितली, उशीखाली क्वार्टर ठेवून झोपायचो इथपासून. हे मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येच हळूच म्हणाले, "मी गाडीच्या डिकीत ठेवायचो." लग्नाला इतकी वर्षं झाली, ती डिकीची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

जाताना मी फीचं विचारलं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचीही गरज नाही. दारू थांबवायची इच्छा असली की माणूस सभासद. मीटिंगमध्ये डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेतच नाहीत.

त्यांच्या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. ह्यांच्यासोबत मी पहिल्यांदा गेले ती खुली मीटिंग महापालिकेच्या शाळेत होती. आम्ही भांडुपला राहतो, ती शाळा तिथून फार लांब नव्हती. यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. तिथे कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही हा पहिला नियम आहे, आणि ज्या घरातल्या माणसाचं नाव आधीच गल्लीत झालेलं असतं त्या घराला तो नियम किती मोलाचा वाटतो, हे मला वेगळं सांगायला नको. वर्ग तिसरीचा होता. फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिलेला, आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठमोठी माणसं. एकेक जण उठून पुढे येत होता, फक्त पाळण्यातलं नाव सांगत होता आणि "मी एक मद्यपी" म्हणून बोलायला सुरुवात करत होता. कुणी मध्ये तोडत नव्हतं. झालं की पुढचा. कुणाला सल्ला नाही, कुणाला शाबासकी नाही, फक्त सगळे मिळून 'थँक्यू'. पुन्हा पुन्हा कानावर येत होतं ते एकच, फक्त आजचा दिवस. जन्मभराचं वचन कुणी मागत नव्हतं. ह्यांनी दिलेली सगळी वचनं जन्मभराची होती. त्यामुळे एका दिवसाचा हिशेब ऐकून मला जरा श्वास घेता आला.

हे मीटिंगला जायला लागले. सुरुवातीला तर रोज. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असं तिथले जुने लोक नवीन माणसाला सांगतात. घरात दारूचा वास येत नव्हता, पगार घरी येत होता, सासूबाई देवापुढे साखर ठेवत होत्या. आणि माझा मात्र आतून भडका उडालेला होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आधी हे संध्याकाळी बारमध्ये असायचे, आता मीटिंगला. घरी मी एकटीच. फोनवर स्पॉन्सरशी, म्हणजे नवीन माणसाला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाशी, तासभर बोलायचे, त्यात हसायचे. एवढी वर्षं मी सांगितलेलं ज्या माणसाच्या कानात शिरलं नाही, तो टेम्पोवाल्याने सांगितलेलं ऐकत होता! मला आनंद व्हायला हवा होता आणि मी रात्री भांडी आदळत होते. तेव्हा तो दुसरा कागद आठवला.

अल-अनॉनची मीटिंग शोधणं एएपेक्षा बरंच कठीण गेलं, हे स्पष्टच सांगते. गट कमी आहेत. जो पत्ता मिळाला तिथे मी शनिवारी पतपेढीतून सुटल्यावर थेट गेले. वॉचमन म्हणाला, "वो तो बंद हो गया, मॅडम." गट कधी जागा बदलतात, कधी माणसं कमी होऊन थांबतात, आणि यादीत जुनं तसंच राहतं. म्हणून आधी फोन करावा. त्याहूनही खात्रीचा मार्ग म्हणजे एएच्या खुल्या मीटिंगला आलेल्या बायकांना विचारणं. त्यांच्यातली एखादी तरी जात असतेच. मला तसंच कळलं.

पहिली सापडली ती इंग्रजी बोलणाऱ्यांची, चर्चच्या मागच्या खोलीत. सासूबाईंना जाताना सांगितलं तर त्यांच्या कपाळावर आठ्या. "चर्चमध्ये कशाला? बाटवतील." मलाही धाकधूक होती. आत सहा-सात बायका गोल करून बसलेल्या, बहुतेक ख्रिश्चन, एक पंजाबी. मला इंग्रजी समजतं, पण मनातलं इंग्रजीतून बाहेर पडत नाही. माझी पाळी आली तशी मी मान हलवून 'पास' म्हटलं. शेजारी बसलेल्या वसईकडच्या आंटींनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "मराठीत बोल गो बाय, आमाला समजते." मग मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. पावसाळ्यात एकदा ह्यांना स्टेशनबाहेरून उचलून रिक्षात घालताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोरून आले आणि मी तोंड फिरवलं होतं, तेवढं सांगितल्याचं आठवतं. बोलून झाल्यावर कुणी अरेरे म्हटलं नाही, की 'तुम्ही घटस्फोट का घेत नाही' असं विचारलं नाही. माझ्या माहेरी हे सांगितलं असतं तर या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत झाल्या असत्या.

बाटवण्याचं म्हणाल तर, मीटिंगच्या शेवटी एक प्रार्थना असते. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य दे, आणि दोन्हींतला फरक ओळखायची बुद्धी दे, अशा अर्थाची. ती आपापल्या समजुतीच्या देवाला करायची. पुढे मी ज्या गटात रुळले तिथे मावशी पांडुरंगाला करतात, एक ताई साईबाबांना, आणि एका मुलीचा देवावर विश्वासच नाही, ती डोळे मिटून नुसती उभी राहते. कुणी कुणाला काही विचारत नाही. सासूबाईंना मी ती प्रार्थना म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, "यात वाईट काय आहे? आमच्या हरिपाठातही असंच आहे." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

त्या आंटींनीच मला मराठी-हिंदी गटाचा पत्ता दिला. तोही शाळेतच भरतो, शनिवारी संध्याकाळी. पहिल्याच दिवशी तिथे सांगितलं की कमीत कमी सहा मीटिंगा बसा, मग यायचं की नाही ते ठरवा. हा सल्ला अल-अनॉनमध्ये सगळीकडे देतात आणि तो अगदी योग्य आहे. पहिल्या मीटिंगला नुसतं रडू येतं. दुसरीला वाटतं, हे सगळं ठीक आहे, पण नवऱ्याची दारू सुटण्याचा यात उपाय कुठे आहे? मी तर वहीच घेऊन गेले होते, युक्त्या लिहून घ्यायला. वहीत लिहिण्यासारखं कुणी काही बोलेना. तीन वाक्यं मात्र परत परत ऐकू यायची. ही दारू मी लावली नाही. ती मी आवरू शकत नाही. ती मी बरी करू शकत नाही. पहिलं वाक्य ऐकून बरं वाटायचं, दुसऱ्या-तिसऱ्याचा राग यायचा.

मावशींनी एकदा लोइसची गोष्ट सांगितली. एए सुरू झालं १९३५ साली, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, बिल आणि डॉ. बॉब या दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून. भारतात ते १९५७ साली आलं. लोइस ही बिलची बायको. त्याच्या दारूच्या काळात दुकानात नोकरी करून तिने घर चालवलं. पुढे तो प्यायचा थांबला आणि रोज मीटिंगा. एक दिवस तो तिला म्हणाला, चल, उशीर होतोय. तर तिने हाताला आलेला जोडा त्याच्या अंगावर भिरकावला आणि त्या मीटिंगांना चार शब्द सुनावले. नवरा शुद्धीवर आलाय, मग मला एवढा राग का, असं तिचं तिलाच वाटलं. नवऱ्यांबरोबर येणाऱ्या बायका तेव्हा बाहेर एकमेकींशी बोलत बसायच्या. त्यांचे जे गट झाले ते तिने १९५१ साली ॲन नावाच्या मैत्रिणीबरोबर एकत्र बांधले. तेच अल-अनॉन. ही गोष्ट ऐकताना मला माझी आदळलेली भांडी आठवली. एवढ्या लांबच्या, एवढ्या जुन्या काळातल्या बाईलाही अगदी हेच झालं होतं, हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

मग गटारी आली. श्रावणाच्या आधीचे ते चार दिवस आमच्यासारख्या घरांत कसे जातात ते ज्याचं त्याला ठाऊक. कंपनीतल्या लोकांनी येऊरला जायचा बेत केला आणि हे गेले. रात्री आले ते पिऊनच. एएत याला स्लिप म्हणतात. पूर्वी मी काय केलं असतं? खिसे तपासले असते, आरडाओरडा केला असता, जेवले नसते, आणि सकाळी सुपरवायझरना फोन करून 'ह्यांना ताप आहे' म्हणून सांगितलं असतं. तो तापाचा फोन मी इतक्या वेळा केला होता की तिकडून विचारायचे, "वहिनी, डेंग्यूची टेस्ट केली का?"

त्या रात्री मी मुलाला वाढलं, स्वतः जेवले, बाथरूमच्या वाटेतलं स्टूल हलवलं म्हणजे ह्यांना लागायला नको, आणि झोपले. झोप लगेच आली असं नाही. सकाळी हे पलंगावर बसून होते. म्हणाले, "कंपनीत फोन कर ना." मी डबा भरत होते. म्हटलं, "अहो, फोन तुम्ही करा. मी खोटं बोलणार नाही आणि खरंही तुमच्या वतीने सांगणार नाही." माझा आवाज चढलेला नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. ते बराच वेळ फोन हातात धरून बसले. शेवटी त्यांनी कंपनीत सांगितलं की आज येत नाही, बिनपगारी लावा. त्यानंतर दुसरा फोन केला तो त्या बँकेतल्या काकांना. मी पतपेढीत गेले. संध्याकाळी घरी आले तर हे मीटिंगला गेलेले होते, स्वतःहून. तो फोन मी केला असता तर त्या दिवशी ते दिवसभर झोपून राहिले असते आणि संध्याकाळी परत प्यायले असते असं मला वाटतं. पण ते कसं घडलं असतं हे काही सांगता येत नाही, आणि गटात आम्ही असली गणितं मांडत बसत नाही.

इथे एक गोष्ट मला अगदी ठासून लिहायची आहे. 'अलिप्त व्हा' असं अल-अनॉनमध्ये म्हणतात, त्याचा अर्थ मार खात बसा असा नाही. आमच्या गटात एक मुलगी यायची, तिच्या दंडावर वळ असायचे. ती म्हणायची, मी स्वीकारायला शिकतेय. मीटिंग संपल्यावर मावशी तिला घेऊन बसल्या. गटात सल्ला देत नाहीत हे खरं, पण हात उचलला जात असेल तिथे १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, ११२ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि तालुक्या-जिल्ह्याला संरक्षण अधिकारी आहेत. ते काम मीटिंगचं नाही आणि मीटिंगने ते होणारही नाही. ती मुलगी आता तिच्या भावाकडे राहते आणि तिथून मीटिंगला येते. नवऱ्याची दारू अजून चालूच आहे. तिला पुन्हा झोप लागायला लागली आहे, तिचं वजन वाढलंय, ती ब्यूटी पार्लरचा कोर्स करतेय. मी हे सांगते कारण लोकांना वाटतं, नवऱ्याने सोडली तरच बायकोच्या मीटिंगला अर्थ. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांचे नवरे आजही पितात. त्या येतात त्या स्वतःसाठी.

ज्यांच्या जवळपास अल-अनॉनचा गट नाही त्यांनी व्यसनमुक्ती केंद्राकडे चौकशी करावी. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. आमच्याकडे एक ताई लग्नानंतर पुण्याहून इकडे आल्या, त्या तिथल्याच तयारीच्या. गटात कसं बसायचं, समोरच्याचं बोलणं न तोडता कसं ऐकायचं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणी त्यांना बघूनच शिकल्या. आणि काहीच माहीत नसेल, कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल, तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करता येतो. पैसे पडत नाहीत.

मुलासाठीही काही असावं असं मला फार वाटतं. पिणाऱ्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन नावाचे गट असतात, पण आमच्या बाजूला मला सापडला नाही. त्याला एकदा खुल्या मीटिंगला नेलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी येत नाही." मी बरं म्हटलं. दहावीचं वर्ष आहे. पण बाबांशी हल्ली क्रिकेटवर बोलतो, पूर्वी खोलीतून उठून जायचा.

हे मंगळवारी आणि गुरुवारी जातात, मी शनिवारी. तिथे कोण काय बोललं ते आम्ही एकमेकांना विचारत नाही. सुरुवातीला मला ते जाणून घ्यायची फार खुमखुमी होती, आता राहिली नाही. गटात सध्या माझ्याकडे फोनचं काम आहे. नवीन बाईचा फोन आला की बोलायचं, आणि पहिल्या दिवशी तिला गेटवर भेटायचं, कारण शाळेच्या गेटपर्यंत येऊन परत जाणाऱ्या पुष्कळ असतात. फोनवर बहुतेक जणी विचारतात, "यांना घेऊन येऊ का?" मी सांगते, तुम्ही या. खाऊन या, मीटिंग दीड तासाची असते. पर्समध्ये रुमाल ठेवा. बोलायलाच हवं असं नाही. मुलं लहान असतील आणि ठेवायला कुणी नसेल तर घेऊन या, मावशी वऱ्हांड्यात बघतात.

पुढच्या महिन्यात शाळेत परीक्षा आहेत, त्यामुळे आमचा वर्ग काही शनिवार मिळणार नाही. तेवढे दिवस आम्ही चर्चमधल्या आंटींच्या गटात बसणार आहोत. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, मराठीतच बोला.